लठ्ठ मूल आणि त्याची उंची

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मूल अंगाने सुटले की आपल्याकडे दोन तऱ्हेची बोलणी ऐकू येतात. कोणी म्हणते, “खात्यापित्या घरचे लेकरू आहे, नजर लावू नका.” कोणी म्हणते, “थायरॉइड असेल, गोळी सुरू करा.” दोन्ही बोलणी घाईची. खरे काय ते ओळखायला आईच्या हाती एक सोपी खूण आहे, ती म्हणजे मुलाची उंची.

आपल्या शरीरातील काही ग्रंथींचा रस थेट रक्तात मिसळतो. त्यालाच हार्मोन म्हणतात. मुलाची वाढ त्यावर चालते. बहुतेक लठ्ठ मुलांच्या ग्रंथी ठीक असतात. खाणे जास्त, खेळणे कमी, एवढेच कारण असते. अशी मुले बरोबरीच्यांइतकी किंवा थोडी अधिकच उंच असतात. त्यांना गोळी नको. बिस्किटांच्या पुड्याऐवजी भाकरी-कालवण आणि रोज तासभर पळापळ हवी. मात्र मानेवर काळपट, जाडसर पट्टा दिसला तर मळ समजून घासत बसू नका. ती पुढे साखरेचा आजार होऊ शकेल याची सूचना असते. रक्त तपासून घ्यावे.

ग्रंथीत दोष असला, तर वजन चढते आणि उंची अडते. पाच वर्षांपासून वयात येईपर्यंत मूल वर्षाला सुमारे ५ ते ६ सेंटिमीटर वाढते. ४ पेक्षा कमी वाढले, तर डॉक्टरांना दाखवावे. गळ्यातील थायरॉइड मंद असली की मूल सुस्तावते, त्याला थंडी सोसत नाही, शौचाला खडा होतो, कातडी कोरडी पडते. रक्तातील टी-४ आणि टीएसएच तपासले की उलगडा होतो. नुसत्या लठ्ठपणानेही टीएसएच थोडे वाढते. म्हणून कागद पाहून आपणच औषध ठरवू नये.

चेहरा चंद्रासारखा गोल आणि पोटावर रुंद जांभळे वळ दिसले, तर निराळी शंका घ्यावी. पुष्कळदा त्याचे मूळ औषधातच असते. दम्यावर किंवा खरजेवर दिलेल्या बिननावाच्या पुड्यांत, मलमांत स्टिरॉइड असू शकते. ते डॉक्टरांना दाखवा, पण एकदम बंद करू नका. त्यानेही धोका होतो.

उंची मोजायला शिक्षण लागत नाही. मूल अनवाणी भिंतीशी उभे करावे, टाचा टेकवाव्या, डोक्यावर पुस्तक आडवे धरून खूण करावी आणि तारीख लिहावी. दर सहा महिन्यांनी पुन्हा मोजावे. राष्ट्रीय बालस्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली सुरू झाला. त्याचे पथक शाळेत, अंगणवाडीत उंची-वजन घेते, त्या नोंदी मागून घ्याव्या. भारतीय मुलांचे वाढीचे तक्ते बालरोगतज्ज्ञांच्या संस्थेने २०१५ साली नव्याने काढले. त्यात पुण्याच्या डॉ. वामन आणि डॉ. अनुराधा खाडिलकर यांचा मोठा वाटा आहे. आपल्या नोंदी त्या तक्त्यावर मांडल्या की डॉक्टरांना पुष्कळ कळते. बारामतीला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथे जाताना ही वही बरोबर न्यावी.

भगिनींनो, वजन उतरवता येते, पण हाडांची वाढ थांबल्यावर राहिलेली उंची परत मिळत नाही. वेळेवर निदान झाले, तर थायरॉइडची साधी गोळीही मुलाला पुन्हा वाढीला लावते. म्हणून लेकराच्या अंगाबरोबर भिंतीवरच्या रेघेकडेही लक्ष असू द्या, एवढीच विनंती.