चासीचा तडा : जुन्या मालट्रकची दुरुस्ती आणि आपली जबाबदारी

(पंचायत सदस्य, शिक्षक व अधिकारी यांच्या शिबिरात केलेले भाषण)



आजचा विषय ऐकून काहींना नवल वाटेल. मालट्रकच्या चासीला गेलेला तडा ही गॅरेजमधील मेस्त्रीने पाहावयाची गोष्ट. तिचा ग्रामपंचायतीशी काय संबंध, असा प्रश्न मनात येणे स्वाभाविक आहे. परंतु उन्हाळ्यात ज्या गावांना टँकरने पाणी पुरवावे लागते, त्या गावांच्या अरुंद रस्त्यांवरून आणि शाळांच्या अंगणातून जी वाहने फिरतात, त्यांत जुन्या ट्रकवर टाकी बसवून तयार केलेली वाहनेही असतात. त्यांचे सुकाणू शाबूत आहे की नाही, हा प्रश्न आपल्या दारातलाच आहे.

आपल्याकडे मालट्रकच्या उद्योगाने १९५४ साली जोर धरला. त्या वर्षी टाटांच्या जमशेदपूर येथील कारखान्यात डायम्लर-बेंझ या जर्मन कंपनीच्या सहकार्याने ट्रक तयार होऊ लागले. तेव्हापासून आजतागायत मालट्रकची मूळ रचना फारशी बदललेली नाही. पोलादी पत्र्याचे, इंग्रजी सी अक्षराच्या आकाराचे दोन लांब दांडे आणि त्यांना जोडणारे आडवे दांडे मिळून शिडीसारखी चासी होते. उजव्या दांड्याला, चालकाच्या पायांच्या पुढे, स्टीअरिंग बॉक्स बोल्टांनी आवळलेला असतो. चालकाने चक्र फिरवले की बॉक्समधील आर्म पुढेमागे हलतो व ड्रॅगलिंक नावाचा दांडा चाकांना वळवतो.

तड्याचे मूळ या रचनेतच आहे. चाकांना वळवण्यासाठी जितका जोर ड्रॅगलिंकवर पडतो, तितकाच उलट जोर बॉक्सवर येतो आणि बॉक्स चासीच्या पत्र्याला पिळू पाहतो. खड्ड्यात चाक आदळले की हाच धक्का उलट दिशेने येतो. उभ्या गाडीत चक्र जोराने फिरवण्याची सवय, प्रमाणापेक्षा मोठे टायर, सैल पडलेले बोल्ट आणि जादा भार ही त्यात भर घालणारी कारणे होत. एक लिटर पाण्याचे वजन एक किलो असते. म्हणजे १० हजार लिटर पाणी हे १० टन ओझे झाले. टाकीचे वजन निराळे. टाकी अर्धवट भरलेली असेल तर हिंदकळणाऱ्या पाण्याचे हिसके चासीला आणखी बसतात. असे हजारो हेलकावे सोसून पोलाद थकते आणि बहुधा बोल्टाच्या भोकाच्या कडेपासून केसासारखी बारीक भेग सुरू होते. ती वाढत जाऊन बॉक्स निखळला, तर चक्र चालकाच्या हातात असते, पण चाके त्याच्या ताब्यात राहत नाहीत. वरंध्याच्या किंवा आंबोलीच्या घाटातील वळणावर याचा अर्थ काय होतो, हे सांगण्याची गरज नाही.

ही भेग ओळखणे अवघड नाही. चाकांना ठोकळे लावून बॉक्सच्या भोवतीची माती व वंगण पुसून काढावे. मग एकाने चक्र डावीकडे-उजवीकडे फिरवावे आणि दुसऱ्याने बाजूने पाहावे. दांड्याच्या तुलनेत बॉक्स हलताना दिसला, बोल्टाच्या डोक्याजवळ तांबूस गंजाचा ओघळ असला किंवा रंगाला रेघ पडलेली असली, तर गाडी त्याच जागी थांबवावी. संशय असेल तेथे भेगेत शिरून ती स्पष्ट दाखवणारे लाल द्रव्य गॅरेजमध्ये वापरतात.

येथेच बहुतेक ठिकाणी चूक होते. भेगेवरून वेल्डिंगची एक रेघ ओढली आणि वर पत्ती मारली की काम झाले, असे समजले जाते. अशी दुरुस्ती काही दिवस टिकते आणि भेग पुन्हा त्याच रेघेच्या कडेने उघडते. योग्य दुरुस्तीचा क्रम असा. टाकी रिकामी करून चासीला खालून आधार द्यावा. बॅटरीच्या तारा सोडाव्यात, बॉक्स उतरवावा आणि जवळच्या ब्रेकच्या नळ्या दूर कराव्यात. भेग जेथे संपते तेथे लहान भोक पाडावे, म्हणजे तिचे टोक बोथट होऊन ती पुढे सरकत नाही. नंतर भेगेच्या पूर्ण लांबीवर ग्राइंडरने खाच करून, कोरड्या ठेवलेल्या कमी हायड्रोजनच्या कांडीने वेल्डिंग तळापर्यंत भरावे व ते घासून सपाट करावे. जोडपत्ती दांड्याहून जाड नसावी. तिची टोके निमुळती असावीत आणि दांड्याच्या वरच्या-खालच्या काठांवर वेल्डिंग करू नये. नाहीतर नवा तडा पत्तीच्या टोकाशी जातो. भोके लांबट झाली असतील तर ती भरून पुन्हा पाडावीत, आणि उच्च ताणशक्तीचे नवे बोल्ट ठरलेल्या जोराने आवळावेत. काही ट्रकांची चासी उष्णता-प्रक्रिया केलेल्या पोलादाची असते. तिच्यावर वेल्डिंग करण्यापूर्वी उत्पादकाची सूचनापुस्तिका पाहणे अनिवार्य आहे. कित्येकदा दांडा बदलणे हाच एक मार्ग उरतो. आणि ज्या कारणाने तडा गेला ते कारण तसेच ठेवले, तर उत्तम वेल्डिंगही व्यर्थ होय.

आता आपल्या कर्तव्याकडे वळू. १ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षांहून जुन्या शासकीय वाहनांच्या नोंदणीचे नूतनीकरण होत नाही, आणि हा नियम पंचायतींच्या वाहनांनाही लागू आहे. खाजगी मालकांच्या जुन्या ट्रकना मात्र योग्यता प्रमाणपत्रावर चालण्याची मुभा आहे, आणि आठ वर्षांहून जुन्या मालवाहनाला ते दरवर्षी घ्यावे लागते. परंतु दोन तपासण्यांच्या मधले बारा महिने त्या वाहनाकडे कोणी पाहावयाचे? ते ज्यांच्यासाठी चालते त्यांनी.

म्हणून माझी विनंती अशी की, टँकर किंवा मालट्रक भाड्याने लावताना केवळ दर पाहू नये. योग्यता प्रमाणपत्राची मुदत तपासावी. चासीवर पूर्वी वेल्डिंग झाले आहे काय, असल्यास कोठे, हे लेखी विचारावे. दर महिन्याला स्टीअरिंग बॉक्सचे बोल्ट तपासल्याची नोंद फेऱ्यांच्या वहीत चालकाच्या सहीने घ्यावी. चालकाने "चक्र जड लागते" किंवा "वळताना करकर आवाज येतो" असे सांगितले, तर त्या दिवसाची फेरी बुडाली तरी चालेल, पण गाडी तपासल्याशिवाय रस्त्यावर येऊ नये. चालक हा कष्टकरी माणूस. आपली तक्रार ऐकली जाते असा भरवसा वाटला तरच तो बोलेल. तो भरवसा देणे आपल्या हातात आहे.

शिक्षक बंधुभगिनींनी एवढेच करावे : टँकर अंगणात येतो तेव्हा मुलांना त्याच्या पुढेमागे उभे राहू देऊ नये.

गावाला पाणी वेळेवर मिळावे, ही आपली पहिली काळजी असते. ते आणणारा माणूस आणि वाटेवरची माणसे सुखरूप घरी परतावीत, ही काळजीही तितकीच आपली आहे. त्यासाठी फार मोठा खर्च नको. महिन्यातून एकदा चासीखाली वाकून पाहणारी एक नजर हवी.