रेग्युलेटर नवा घ्यायचा की वापरलेला?

मागच्या भागानंतर बऱ्याच जणांनी एकच प्रश्न विचारला: "दादा, रेग्युलेटर सेकंड-हँड घेतला तर चालेल का?" चालेल, पण. त्या 'पण'मध्ये माझी एक फजिती आहे, ती आधी सांगतो.

ओपन वॉटर कोर्स झाल्यावर मला स्वतःचा रेग्युलेटर हवाच होता. एकाकडून निम्म्या किमतीत मिळाला. दिसायला एकदम चकाचक. पुण्यात पूलमध्ये, अर्धवट भरलेल्या टाकीवर पंधरा मिनिटं वापरून बघितला. श्वास मस्त येत होता. म्हटलं, जिंकलो!

महिन्याभराने नेत्राणीला गेलो, मुरुडेश्वरजवळचं बेट. पूर्ण भरलेली टाकी. 14 मीटरवर असताना तोंडातून हवा आपोआप वाहायला लागली. मी श्वास घेत नसलो तरी फुस्स, थांबेचना. गेजचा काटा डोळ्यांदेखत खाली. बडीला खूण केली, त्याने त्याचा ऑक्टोपस पुढे केला. एकमेकांना धरून हळूहळू वर आलो. बोटीवर बसल्यावर माझे हात थरथरत होते.

झालं काय होतं? टाकीत साधारण 200 बार दाब असतो. फर्स्ट स्टेज, म्हणजे टाकीला लावतो तो भाग, हा दाब आजूबाजूच्या पाण्यापेक्षा साधारण 9-10 बार जास्त इतक्यावर आणतो. मग तोंडातला सेकंड स्टेज तुम्ही ओढाल तेवढीच हवा देतो, पाण्याच्या दाबाइतकी. फर्स्ट स्टेजमध्ये एक छोटी सीट असते. ती झिजली की झडप पूर्ण बंद होत नाही आणि मधल्या पाइपातला दाब हळूहळू चढत जातो. शेवटी सेकंड स्टेजला तो अडवता येत नाही. आपल्या भाषेत सांगायचं तर मेमरी लीक! डेमोला सगळं ओके, प्रॉडक्शनमध्ये क्रॅश.

म्हणून वापरलेला घेताना नुसता श्वास घेऊन बघू नका. हे बघा:

एक, डस्ट कॅप काढून टॉर्च मारा. आतली जाळी हिरवट दिसली तर खारं पाणी आत गेलंय. नमस्कार करा आणि निघा.

दोन, टाकी न लावता, डस्ट कॅप घट्ट बसवून माउथपीसमधून ओढा. काहीच यायला नको. हवा आली, तर खाली पाणीही येईल.

तीन, होज वाकवून चिरा बघा.

चार, आणि सगळ्यात महत्त्वाचं, सर्व्हिस करणाऱ्याकडे नेऊन मधला दाब गेजवर तपासा. काटा एका जागी थांबला पाहिजे. चढत राहिला तर सीट गेली.

पाच, त्या मॉडेलची सर्व्हिस किट अजून मिळते का? आणि तुमच्या शहरापर्यंत येते का? मिळत नसेल तर फुकटातही घेऊ नका.

आता हिशोब. वापरलेल्याची किंमत, अधिक पूर्ण सर्व्हिस, अधिक नवे होज. ही बेरीज साध्या नव्या रेग्युलेटरच्या जवळ जात असेल, तर सरळ नवा घ्या, वॉरंटी तरी मिळते. नवा घेताना सगळ्यात महागडाच हवा असं नाही. आपल्याकडचं पाणी कोमट, बर्फाळ पाण्यासाठीच्या मॉडेलचे जास्तीचे पैसे कशाला? बॅलन्स्ड मिळाला तर उत्तम, कारण खोलवर किंवा टाकी रिकामी होत आली तरी श्वास जड होत नाही. योक की डिन, हे तुमचं सेंटर कोणत्या टाक्या वापरतं त्यावर ठरवा.

आणि वर्षातून एकदाच तारकर्लीला जात असाल? मग भाड्याचाच बरा. स्वतःचा घेतला की दर डाईव्हनंतर गोड्या पाण्याने धुणं आणि कंपनीने सांगितलेल्या मुदतीत सर्व्हिस करणं आलंच.

एक शेवटचं. आपण रेग्युलेटर स्वतःसाठी निवडतो, पण त्यातला ऑक्टोपस दुसऱ्यासाठी असतो. त्या दिवशी माझ्या बडीने त्याचा ऑक्टोपस वेळेवर सर्व्हिस केलेला होता. माझ्यावर ती वेळ आली असती तर मी त्याला काय दिलं असतं? तो रेग्युलेटर मी नंतर कुणालाही विकला नाही. घरी ड्रॉवरमध्ये पडलाय.

चला, प्रश्न पाठवत राहा. भेटू पुढच्या भागात!