चित्राखालचे नाव



न्यायमूर्ती रानडे यांनी पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली ती १८७५ साली. त्याच वर्षी १२ मे रोजी आपल्या सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांची दुकाने फोडली आणि कर्जरोखे जाळले. त्या शेतकऱ्यांपैकी बहुतेकांना अक्षरओळख नव्हती. पण कागदाचे सामर्थ्य त्यांना पुरते ठाऊक होते. कामगार चळवळीत आम्हीही तेच शिकलो. ज्याचे नाव मस्टरवर नाही, तो कामगारच नव्हता असे म्हणणारे पावलोपावली भेटतात. म्हणून आज आम्ही इतिहासाच्या मस्टराविषयी बोलणार आहोत.

पूर्वी जुना ग्रंथ पाहावयाचा तर मुंबई-पुणे गाठावे लागे. आता १८८५ सालचे पुणे जिल्ह्याचे गॅझेटियर कटफळच्या खोलीत बसून मोबाइलवर फुकट वाचता येते. मोठमोठ्या ग्रंथालयांनी जुने नकाशे, चित्रे आणि छायाचित्रे सर्वांसाठी खुली केली आहेत. लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीने डिसेंबर २०१३ मध्ये जुन्या पुस्तकांतील दहा लाखांहून अधिक चित्रे फ्लिकर या स्थळावर ठेवली. ती यंत्राने पानांतून वेचून काढलेली. कोणते पुस्तक, कोणते पान, हे यंत्राने सांगितले. चित्रात काय आहे, हे त्याला सांगता आले नाही. म्हणून ग्रंथालयाने लोकांनाच हाक घातली : ओळखा आणि लिहा.

ही गोष्ट लहान नव्हे. चित्र लंडनला असले, तरी त्यातला घाट कोणत्या गावचा, हे त्या गावच्या म्हातारीलाच ठाऊक असते.

शोधण्याची रीत मात्र शिकावी लागते. साहेबाने आपली गावे आपल्या कानाने ऐकली आणि तशीच लिहिली. पुण्याचे ‘पूना’ झाले, दौंडचे ‘धोंड’ झाले. शिवाय त्या काळी बारामती भीमथडी तालुक्यात मोडत असे. म्हणून नुसते ‘बारामती’ शोधून हात हलवत परत येऊ नये. भीमथडी शोधावे, नीरा शोधावी, इंदापूर शोधावे. इंदापूरचे नाव महसुलाच्या इतिहासात ठळक आहे, कारण गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी १८३५-३६ च्या सुमारास आपली जमीन मोजणी तेथूनच सुरू केली.

नकाशाचेही तसेच. अमेरिकेच्या लष्कराने १९५० च्या दशकात हिंदुस्थानचे जे नकाशे छापले, ते टेक्सास विद्यापीठाच्या ग्रंथालयाने खुले केले आहेत. उजनी धरण १९८० साली पूर्ण झाले. हे नकाशे त्याच्या आधीचे. त्यांत भीमा अजून नदीच आहे, तिचा समुद्र झालेला नाही. तो नकाशा आणि आजचे उपग्रहचित्र शेजारी ठेवून इंदापूरच्या एखाद्या धरणग्रस्त आजोबांना दाखवावे. पाणी ओसरले की पळसदेवचे जुने देऊळ वर येते. तशी त्यांच्या तोंडून वाट, विहीर, पेठ एकेक वर येऊ लागते.

पण या संग्रहांत एक मोठी उणीव आहे, आणि तिच्यासाठीच आम्ही उभे राहिलो आहोत. ज्या नीरा डाव्या कालव्याने बारामती-इंदापूरचा माळ भिजवला, त्याला पाणी भाटघरचे. भाटघरच्या नव्या धरणाला गव्हर्नर लॉइड यांचे नाव मिळाले. पाटी वाहणाऱ्या बाईचे नाव लिहिण्याची रीत नव्हती. साहेब नावानिशी, मजूर नुसता ‘मजूर’.

हे साहेबाच्या राज्यातच झाले असे समजून आपण हात झटकू नयेत. औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना १९६२ ची. बारामतीच्या माळावर कारखाने आले, त्यांत पहिल्या पिढीने आयुष्य घातले, आणि ती पिढी आता निवृत्त होत आहे. कारखान्याच्या कॅलेंडरवर यंत्र असते, पाहुणे असतात. कामगारांचे फोटो घरोघर पत्र्याच्या पेटीत आहेत. त्यांच्या मागे नाव नाही, साल नाही. दहा वर्षांनी नातू विचारील, ‘हे कोण?’ आणि सांगणारे कोणी नसेल.

कोणी म्हणेल, तीन पाळ्यांत पिचलेल्या माणसाने पोट भरावे की चित्रे पाहावीत? आमचे उत्तर असे, की पोटाच्या लढाईतही अखेर पुरावाच विचारतात. येथे कोणाची शेती होती, शेड कोणी उभारली, कंत्राटावर किती वर्षे काढली, हे आज लिहिले नाही तर उद्या ते घडलेच नाही असे ठरेल.

तेव्हा काम सोपे आहे. पेटी उघडा. फोटोच्या मागे मऊ पेन्सिलीने नावे, जागा, साल लिहा. साल नक्की नसेल तर ‘सुमारे’ लिहा; थाप मारू नका. मग त्याची प्रत काढा. फोटोतल्या माणसांची आणि फोटो काढणाऱ्याची संमती घेऊन ती विकिमीडिया कॉमन्ससारख्या खुल्या संग्रहात ठेवा, आणि एक प्रत गावच्या वाचनालयात द्या. प्रती अनेक ठिकाणी हव्यात. ऑक्टोबर २०२३ मध्ये सायबर हल्ला होऊन खुद्द ब्रिटिश लायब्ररीचे दरवाजे कित्येक महिने अडले होते.

सुप्याच्या लोकांनी आपल्याविरुद्ध लिहिलेला कागद जाळला. आपण आपल्या बाजूचा कागद लिहू या.