आधीं पाणी, मग आमिष

अमेरिकेंतील एखाद्या तळ्याकांठच्या लहानशा गांवीं गळाचें सामान विकणाऱ्या दुकानांत कोणी नवखा मनुष्य शिरला, तर प्रथम त्याचे डोळेच दिपतात. भिंतभर टांगलेलीं तीं खोटीं आमिषें! कोठें लाकडाचा रंगविलेला मासा, कोठें लवलवणारें जांभळें गांडूळ, तर कोठें पिसें आणि चकचकीत पत्रा यांचा जुळविलेला असा कांहीं अजब जीव, कीं ज्याच्यासारखा प्राणी सृष्टींत शोधूनहि सांपडावयाचा नाहीं. नवखा मनुष्य त्यांतलीं डझनभर आमिषें विकत घेतो, तळ्यावर जातो, सकाळपासून दुपारपर्यंत एकामागून एक बदलून पाण्यांत टाकतो, आणि रिकाम्या हातानें घरीं परततो. पलीकडच्या खडकावर बसलेला एखादा म्हातारा मात्र रंग उडालेलें एकच आमिष पुन्हां पुन्हां टाकून दोन-तीन चांगले मासे काढतो.

या दोघांत हातांतल्या कसबाचें अंतर असेल, पण तें थोडें. मोठें अंतर आहे तें निवडीच्या क्रमाचें. नवख्यानें आधीं आमिष निवडलें. म्हाताऱ्यानें आधीं पाणी निवडलें.

ज्या माशासाठीं हा सारा खटाटोप चालतो त्याचें नांव ब्लॅक बॅस. नांवानें फसूं नये. हा खरा बॅस नव्हे, सनफिश नांवाच्या गोड्या पाण्यांतल्या कुळांतला हा मोठा व दांडगा भाऊ आहे. आपल्याकडे रायगड जिल्ह्यांतील खाड्यांत व तळ्यांत मिळणाऱ्या जिताड्यालाहि इंग्रजींत ‘एशियन सी बॅस’ म्हणतात, पण त्याचें कूळ निराळें. अमेरिकन बॅसच्या दोन जाती विशेष प्रसिद्ध आहेत, एक मोठ्या तोंडाची व दुसरी लहान तोंडाची. पहिल्या जातींत जबड्याचा कोपरा डोळ्याच्या मागें जातो, दुसरींत तो डोळ्याच्या पुढें सरकत नाहीं. एवढ्या खुणेवरून शाळेंतला मुलगाहि त्या ओळखूं शकेल. मोठ्या तोंडाच्याला कोमट, संथ, शेवाळाचें व पाणवनस्पतींचें पाणी आवडतें. लहान तोंडाच्याला थंड, स्वच्छ व खडकाळ तळाचें. ज्या तळ्यांत पहिला सुखानें नांदतो, तेथें दुसऱ्यासाठीं दिवस घालविणें व्यर्थ होय. पाण्याची निवड येथूनच सुरू होते.

एके काळीं तिकडच्या शौकिनांत ट्राउट मासा तेवढा कुलीन मानला जाई. सिन्सिनाटीच्या डॉ. जेम्स हेन्शल यांनीं इ. स. १८८१ सालीं बॅसवर एक मोठा ग्रंथ प्रसिद्ध करून त्याची बाजू जोरानें मांडली, आणि पुढें हा मासा त्या देशाच्या छंदाचा जणूं राजा होऊन बसला.

राजा खरा, पण स्वभावानें हा दबा धरून बसणारा शिपाई. आपल्या खेड्यांतला मरळ ज्यांनीं पाहिला असेल त्यांना हा स्वभाव चटकन उमजेल. शेवाळाच्या सांवलींत निश्चल राहावयाचें, बेडूक किंवा लहान मासा टप्प्यांत आला कीं एकच झेप घ्यावयाची, आणि पुन्हां आपल्या जागीं यावयाचें. अशा माशाला उघडें, एकसारखें पाणी नको असतें. त्याला ‘कड’ हवी असते. शेवाळ संपून पाणी मोकळें होतें ती कड, बुडालेल्या झाडाचा बुंधा, धक्क्याची सांवली, उथळ भाग एकदम खोल होतो तो कडा. टेनेसी नदीच्या खोऱ्यांत १९३३ सालानंतर सरकारनें मोठमोठीं धरणें बांधलीं, तेव्हां जुने रस्ते, ओढ्यांचे मार्ग, कुंपणें सारीं पाण्याखालीं गेलीं. माणसांचीं शेतें बुडालीं आणि माशांना आयते आडोसे मिळाले. अशा धरणाचा जुना नकाशा पुष्कळदां आमिषांच्या पेटीपेक्षां अधिक उपयोगी पडतो.

ही गोष्ट पद्धतशीर रीतीनें शिकविली ती उत्तर कॅरोलिनांतील बक पेरी या गृहस्थानें. तळ्याचा फार मोठा भाग कोणत्याहि वेळीं माशांवांचून रिकामा असतो, मोठे मासे बहुतेक काळ खोल पाण्यांत राहतात, आणि तेथून ठराविक वाटांनीं, म्हणजे पाण्याखालच्या सोंडा, बांध व उंचवटे यांच्या आधारानें, उथळांत ये-जा करतात, असें त्याचें म्हणणें. म्हणून त्यानें आधीं खोली आणि मग आमिषाचा वेग यांचा विचार सांगितला. रंगाला त्यानें फारसें महत्त्व दिलें नाहीं. त्यानें स्वतः एक पत्र्याचें आमिष बनविलें होतें, तेंहि मुख्यतः निरनिराळ्या खोलीचा तळ चांचपण्यासाठीं! आमिषाचा असा उपयोग करावयाचा हें दुकानदाराला सुचणें अवघडच.

पाणीहि बारा महिने एक नसतें. वसंतांत, हिंवाळा सरतांना, उत्तर कांठाच्या आडोशाच्या उथळ भागावर दक्षिणेकडचें ऊन पडतें आणि उत्तरेचा गार वारा तेथें लागत नाहीं; तेथलें पाणी आधीं कोमट होतें व मासे आधीं तेथें जमतात. भर उन्हाळ्यांत खोल तळ्याचे थर पडतात. वर हलकें व ऊन पाणी, खालीं जड व थंड पाणी, आणि मध्यें एक पातळ थर, जेथें उष्णता एकाएकीं उतरते. ज्या तळ्यांत शेवाळ व गाळ फार, त्यांत या थराच्या खालचा प्राणवायु सडणाऱ्या पदार्थांनीं संपून जातो. उन्हाळ्यांत मासे खोल जातात हें ऐकलेला मनुष्य मग चाळीस फूट खोल गळ सोडून बसतो. तेथें श्वास घेण्यापुरतीहि हवा नसते, मग मासा कोठून असणार? शरदांत पाणी ढवळून पुन्हां एक होतें, आणि लहान माशांच्या झुंडींमागें बॅसहि ओढ्यांच्या मुखांकडे वळतो. हिंवाळ्यांत या शीतरक्ताच्या प्राण्याची भूकच मंदावते. त्या दिवसांत वेगानें ओढलेलें उत्तमोत्तम आमिष त्याच्या नाकावरून गेलें तरी तो हलत नाहीं.

एवढें पाणी समजल्यावर आमिषाकडे वळावें. सांगतात कीं, मिशिगनमधील डोवाजिॲक गांवचे जेम्स हेडन हे मित्राची वाट पाहत गिरणीच्या तळ्याकांठीं चाकूनें लाकूड तासत बसले होते. हातांतला तुकडा त्यांनीं सहज पाण्यांत फेंकला, आणि एका बॅसनें त्यावर झडप घातली. हे हेडन मधमाशा पाळण्यांतले जाणकार. त्यांनीं पुढें लाकडी बेडूक व मासे कोरण्याचा धंदाच उभारला. गोष्ट खरी असो वा रचलेली असो, तिच्यांत एक मर्म आहे. तो तुकडा कशासारखाहि दिसत नव्हता. तो पडला योग्य जागीं, आणि हलला जिवासारखा.

पाण्यावर तरंगणारें आमिष पहांटे, सायंकाळीं व ढगाळ हवेंत चालतें. पुढें जीभ असलेला खोटा मासा ओढला कीं खालीं बुडतो; जीभ जितकी लांब व आडवी तितका तो खोल जातो, म्हणून जीभ पाहून खोली ओळखावी. जेथें आडोसा दाट, तेथें उघड्या गळाचें आमिष अडकून तुटतें. यावर तोडगा निघाला तो ओहायो संस्थानांतील ॲक्रन शहरीं. निक क्रीम व त्यांची पत्नी कोस्मा यांनीं १९४९ सालीं मऊ प्लॅस्टिकचें गांडूळ तयार केलें. त्या गांडुळाच्याच अंगांत गळाचें टोंक लपवून ठेवण्याची युक्ति पुढें निघाली, आणि शेवाळाच्या गचपणांतून, बुडालेल्या फांद्यांतून आमिष निर्धास्तपणें फिरूं लागलें. पूर्वीं ज्या पाण्याकडे लोक नुसते पाहत, तें पाणी त्या गांडुळानें खुलें केलें. आमिषाची खरी सुधारणा म्हणतात ती ही.

रंगाबद्दल मात्र फार वाद चालतो. इलिनॉय विद्यापीठांतील संशोधकांनीं २०१९ सालीं या माशाच्या डोळ्यांची परीक्षा प्रसिद्ध केली. तांबडा व हिरवा हे रंग तो चांगले ओळखतो. परंतु निळा व काळा, किंवा भडक पिवळट हिरवा व पांढरा, यांत त्याचा गोंधळ होतो, असें दिसून आलें. शिवाय पाण्यांत तांबडा प्रकाश सर्वांत आधीं शोषला जातो, म्हणून वर लालभडक दिसणारें आमिष खोलांत काळपट होतें. दुकानांत शेजारीं शेजारीं टांगलेल्या निळ्या व काळ्या गांडुळांपैकीं कोणतें घ्यावें याची चर्चा तासभर चालते. माशाच्या लेखीं तीं बहुधा एकच असतात. स्वच्छ पाण्यांत फिकें, माशासारखें आमिष व बारीक दोरी. गढुळांत गडद रंग आणि थरथर किंवा खडखड करणारें आमिष, एवढें सामान्यतः पुरतें. गढुळांत हा मासा डोळ्यांपेक्षां आपल्या कुशींवरच्या रेषेवर विसंबतो. त्या रेषेंतील सूक्ष्म इंद्रियांना पाण्यांतली बारीकशी हालचालहि कळते.

जॉर्जिया संस्थानांतील जॉर्ज पेरी या तरुण शेतकऱ्याची हकीकत येथें सांगण्यासारखी आहे. बक पेरीशीं त्याचा संबंध कांहीं नाहीं, केवळ आडनांव एक. १९३२ सालच्या जून महिन्याच्या २ तारखेस पावसामुळें शेतांत काम करतां येईना, म्हणून तो एका मित्राबरोबर ओकमल्गी नदीच्या माँटगोमेरी नांवाच्या जुन्या वळणांतल्या डोहावर गेला. मंदीचे दिवस, दोघांत मिळून आमिष एकच. त्या एका आमिषावर जो बॅस आला त्याचें वजन भरलें २२ पौंड ४ औंस, म्हणजे दहा किलोंहून किंचित अधिक. एका मासिकाच्या स्पर्धेंत त्याला ७५ डॉलर किंमतीचें सामान बक्षीस मिळालें. आणि तो जागतिक विक्रमाचा मासा? घरच्या मंडळींनीं तो शिजवून खाल्ला.

दैवाचा भाग सोडला तरी, सगळेच मासे सारखे फसतात असें नाहीं. इलिनॉयमधील रिज लेक या छोट्या तळ्यांत १९७० नंतरच्या दशकांत धरलेल्या प्रत्येक बॅसला खूण करून परत सोडण्यांत आलें, व नोंद ठेवण्यांत आली. एक मासा एका वर्षांत १६ वेळां गळाला लागला. उलट चार वर्षांनीं तळें रिकामें केलें तेव्हां सुमारें २०० मासे असे निघाले, कीं जे एकदांहि धरले गेले नव्हते. डेव्हिड फिलिप व त्यांच्या सहकाऱ्यांनीं या दोन प्रकारच्या माशांचे वंश निराळे वाढविले, आणि ही फसण्याची वृत्ति पिढीजात उतरते असें २००९ सालीं दाखवून दिलें.

या शोधाची दुसरी बाजू जरा मन अस्वस्थ करणारी आहे. वसंतांत पाणी साधारण १५ ते १८ अंश उष्ण झालें कीं नर उथळांत, टणक तळावर शेपटीनें खळगा करतो. मादी अंडीं घालून निघून जाते, आणि पुढें अंडीं व पिलें यांचा सांभाळ एकटा नर करतो. आपला मरळहि पिलांचा असाच पाठराखा. या काळांत स्वच्छ पाण्यांत घरटें कांठावरून दिसतें, आणि त्यावर टाकलेल्या कोणत्याहि आमिषावर नर धांवून येतो; भुकेनें नव्हे, रागानें. धरणाऱ्याला वाटतें, आज आमिष फारच नामी निघालें! वस्तुतः तो एका बापाला दारावरून ओढून नेत असतो. त्याला परत सोडलें तरी मधल्या कांहीं मिनिटांत इतर मासे अंडीं फस्त करूं शकतात. २०१२ सालीं प्रसिद्ध झालेल्या संशोधनांत असेंहि आढळलें, कीं जे नर गळाला अधिक सहज लागतात तेच पिलांची राखण अधिक नेटानें करतात, व त्यांचीच प्रजा अधिक होण्याची शक्यता असते. म्हणजे गळ नेमका उत्तम बाप निवडून उचलतो. कॅनडाच्या ऑन्टॅरिओ प्रांताच्या पुष्कळ भागांत जूनचा मध्य उलटेपर्यंत बॅस धरण्याचा हंगाम सुरू होत नाहीं, तें या कारणानें. जेथें असा नियम नाहीं तेथें मनुष्यानेंच घरट्यांच्या उथळाकडे पाठ फिरवून खोल पाणी निवडावें, हें बरें.

धरलेला मासा जिवंत सोडण्याची रीत अमेरिकेंत बॅसच्या शर्यतींतून फार पसरली. रे स्कॉट यांनीं १९६८ सालीं बॅसच्या शौकिनांची मोठी संस्था काढली, आणि १९७२ पासून त्यांनीं मासे न मारण्याचा प्रचार चालविला. तेथें ती सभ्यतेची खूण झाली आहे. परंतु पाणी बदललें कीं सभ्यताहि बदलते. जपानांत हा मासा १९२५ सालीं आशी तळ्यांत बाहेरून आणून सोडण्यांत आला, आणि पुढें तो देशभर पसरला. बीवा नांवाच्या तेथील प्राचीन, सर्वांत मोठ्या सरोवरांत त्यानें मूळच्या लहान माशांची फार हानि केली. तेथेंच मानाबु कुरिता यांनीं २ जुलै २००९ रोजीं धरलेला बॅस जॉर्ज पेरीच्या माशापेक्षां जेमतेम एक औंसानें भारी भरला. पण नियमाप्रमाणें निदान दोन औंसांचें आधिक्य लागतें, म्हणून विक्रम दोघांच्या नांवें बरोबरीचा लागला. कुरितांचें आमिष खोटें नव्हतें. तो होता जिवंत ब्लूगिल मासा. हा ब्लूगिलहि परकाच. १९६० सालीं शिकागोच्या महापौरांनीं तो युवराज आकिहितो यांना भेट दिला होता, आणि सम्राट् झाल्यावर २००७ सालीं त्यांनीं त्याबद्दल जाहीरपणें खेद प्रकट केला.

बीवाच्या शिगा प्रांतांत २००३ पासून धरलेला बॅस किंवा ब्लूगिल परत पाण्यांत सोडण्यास कायद्यानें मनाई आहे. सरोवराच्या कांठीं जागोजाग पेट्या ठेवलेल्या असतात, आणि मासा गळावरून काढला कीं त्यांत टाकावयाचा असतो.