पुस्तकांवाचून चाललेला वर्ग



युनियनच्या माणसाने चीनमधल्या इंग्रजीच्या वर्गावर बोलावे, याचे आपणांस नवल वाटेल. पण आमची शाळा नववीत सुटली. पुढचे इंग्रजी आम्ही शिकलो ते करारातली कलमे शब्दकोश घेऊन उलगडताना. साधनांवाचून शिकणे म्हणजे काय, हे आम्हांला थोडे ठाऊक आहे.

१९३७ साली जपानने चीनवर चढाई केली. पेकिंग, छिंग्ह्वा आणि नानकाई ही तीन विद्यापीठे घरदार सोडून छांग्शाला एकत्र आली आणि १९३८ मध्ये दूर नैर्ऋत्येला कुनमिंगला गेली. दोनशेहून अधिक विद्यार्थी ६८ दिवस, बहुतांशी पायी, चालत गेले. कवी-प्राध्यापक वन यीत्वो त्यांच्याबरोबर चालले. कुनमिंगला मातीच्या भिंती आणि पत्र्याची छपरे. पाऊस आला की मास्तरांचा शब्द ऐकू येत नसे.

तिथे विल्यम एम्पसन नावाचे इंग्रज कवी शिकवीत होते. ग्रंथ मागेच राहिलेले. तेव्हा कविता त्यांनी आठवणीतून लिहून काढाव्यात आणि मुलांना शिकवाव्यात, असा तो वर्ग चालला. त्या विद्यापीठातून शू ग्वोचांग बाहेर पडले. त्यांनी १९६० नंतर रचलेल्या इंग्रजीच्या पाठ्यपुस्तकांवर पिढ्या शिकल्या. घरी बसून शिकणारेसुद्धा.

त्याच विद्यापीठाचे कवी मू दान. १९४२ साली ते दुभाषी म्हणून सैन्याबरोबर ब्रह्मदेशच्या आघाडीवर गेले. पुढे १९५८ मध्ये स्वतःच्याच देशात त्यांच्यावर प्रतिक्रांतिकारकाचा शिक्का बसला. वर्ग गेला, नानकाईच्या ग्रंथालयात काम मिळाले. तरी त्यांनी बायरनचे 'डॉन जुआन' चिनी भाषेत आणलेच. १९७७ मध्ये ते वारले. भाषांतर छापले गेले १९८० साली.

आता आम्हांला आमच्याच चळवळीला दोन शब्द ऐकवायचे आहेत. परकी भाषा ही धन्याची भाषा, ती शिकणारा धन्याचा माणूस, असे आम्हीही एके काळी सभेत गरजलो आहोत. ते चुकले. बॉम्ब पडत असताना इंग्रजी कविता वाचणारी ती मुले देशद्रोही नव्हती. भाषेवर संशय घेतला की पहिला बळी शिकणाऱ्याचा जातो. १९६६ मध्ये चीनमध्ये विद्यापीठांच्या प्रवेशपरीक्षा थांबल्या, त्या १९७७ मध्ये पुन्हा सुरू झाल्या. मधल्या वर्षांत तरुण झालेल्यांची भरपाई कोणी करावी?

पण दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. ती मुले ज्या खेड्यांतून चालत गेली, तिथल्या शेतकऱ्याच्या पोराला त्या वर्गाचे दार उघडे नव्हते. वर्ग पुस्तकांवाचून चालला हे थोर; पण तो थोड्यांसाठीच चालला, हेही खरे.

आमच्या पहिल्या करारावर आम्ही सही केली तेव्हा त्यातले एक कलम आम्हांला वाचता आले नव्हते. त्याची किंमत ४० घरांनी मोजली. म्हणून म्हणतो, भाषा धन्याची नसते. पण ती आपण शिकलो नाही, तर ती त्याच्याच हाती राहते.