मनाच्या ओपीडीतल्या बाकावर
(प्रभागसंघाच्या मासिक सभेत केलेले बोलणे)



मागच्या दोन महिन्यांत गटांतल्या काही जणींसोबत मी जिल्हा रुग्णालयाच्या मानसिक आरोग्य विभागात गेले. केसपेपर काढून बाकावर बसलं की तिथं दोन तऱ्हेची माणसं दिसतात.

एक, आपल्या पायांनी आलेली. झोप नाही, छातीत धडधड, डोकं जड, कशात मन लागत नाही. गावात सलाईन लावून झालेलं असतं, ईसीजी काढलेला असतो, रिपोर्ट नॉर्मल! आपल्याला काहीतरी होतंय हे त्यांना कळतं, त्या स्वतः सांगतात. चिंता, नैराश्य असे हे बहुतेक सौम्य आजार. काहींना नुसत्या समुपदेशनानं आराम पडतो. गोळ्या दिल्या तर गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात, आणि आपण आठव्या दिवशीच "काही फरक नाही" म्हणून पाकीट फळीवर टाकतो.

पण सौम्य या शब्दावर जाऊ नका. नैराश्य वाढतंसुद्धा. "जगून काय करू" असं कोणी बोललं तर तिला एकटं सोडू नका, फवारणीचं औषध कुलपात ठेवा आणि 14416 ला फोन लावा. टेलिमानसचा हा नंबर फुकट आहे, रात्रीही चालतो.

दुसरी, आणलेली माणसं. सोबत आई नाहीतर बायको. कानात आवाज येतात, कोणी विष घालेल असा संशय, रात्रभर बडबड. विचारलं तर म्हणतात, "मला काय झालंय?" हा हट्ट नव्हे, आजाराचाच भाग आहे. म्हणून डॉक्टर सोबतच्या माणसाला जास्त विचारतात: झोपतो का, गोळी गिळतो की थुंकतो? बरा दिसला म्हणून गोळ्या बंद केल्या की आजार बऱ्याचदा उलटतो. ही वारी वर्षानुवर्षांची असते. त्याआधी देवऋषी झालेला असतो, कधीकधी गटातून उचललेल्या पैशांवर. आजार फार दिवसांचा असेल तर 2016 च्या कायद्याप्रमाणे तपासणी करून दिव्यांग प्रमाणपत्रही मिळू शकतं, ते विचारा.

आता माझी चूक सांगते. तिला विचारूनच सांगतेय. एक ताई महिन्यातून एका मंगळवारी बैठकीला नसायची, हप्ताही मागं पडलेला. मी रजिस्टरात "अनियमित" असा शेरा मारला. गट तिला काढायच्या बेतात होता. मग ती मला त्याच बाकावर दिसली, तरण्या लेकाचा हात धरून. ओपीडी मंगळवारी, आपली बैठकही मंगळवारी. लाजेनं ती कोणाला बोलली नव्हती.

गटानं बैठक शुक्रवारी केली. शेरा मी खोडलाय. हप्त्याला मुदत द्यायची का, हे आज तुम्ही ठरवायचंय.

आणि दवाखान्यात जायला कोणाला सोबत हवी असेल, तर सभा संपल्यावर मला बाजूला घेऊन सांगा. येताना जुन्या चिठ्ठ्या आणि चालू गोळ्यांची पाकिटं तेवढी आणा.