एकच जीव, घरचंच बियाणं

बायांनो, कुणी भांडी घासत ऐकत असाल, कुणी खुरपता खुरपता मोबाईल कमरेला अडकवून. ऐका निवांत, हातातलं काम थांबवू नका. आज मी तुम्हाला एका गेमची गोष्ट सांगणार आहे. हो, मोबाईलवरच्याच. ज्या गेमवरून आपण दिवसातून चारदा पोरांना ओरडतो, त्यातलाच एक.

माझा धाकटा मुलगा कुर्डूवाडीला कॉलेजला जातो. रोज संध्याकाळी आला की मोबाईल घेऊन कोपऱ्यात. मला आधी वाटलं, रमी लावतोय की काय. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर 2025 च्या ऑगस्टमध्ये संसदेनं बंदीचा कायदा केला, पण त्याआधी किती घरं त्यात बुडाली ते आपण पाहिलंय. म्हणून एक दिवस त्याच्या शेजारीच बसले. म्हटलं, "दाखव मला काय चाललंय ते." तो म्हणाला, "आई, ह्यात पैसे लावत नाहीत. ह्यात मी शेती करतोय."

मी हसले. घरची तीन एकर पडलीय, तिथं पाणी धरायला बोलावलं तर येत नाही, आणि हा मोबाईलमध्ये शेती करतोय! पण बसले खरी, आणि तासभर उठले नाही.

त्या गेमचं नाव ओल्ड स्कूल रूनस्केप. इंग्लंडमध्ये केंब्रिज म्हणून गाव आहे, तिथल्या जॅगेक्स कंपनीचा. मूळ गेम 2001 सालचा, म्हणजे माझ्या पोरापेक्षा वयानं मोठा. जगभरातली माणसं एकाच वेळी त्यात असतात. प्रत्येकाचा एक बाहुला. त्यानं मासे धरायचे, लाकूड तोडायचं, खाणीतून तांबं काढायचं, राक्षसांशी लढायचं, आणि हळूहळू हुशार व्हायचं. बाजारपण आहे. एकानं धरलेले मासे दुसरा विकत घेतो. थोडा गेम फुकट खेळता येतो, पण शेतीसकट पूर्ण खेळायला महिन्याची वर्गणी लागते. ती त्यानं सुट्टीत केलेल्या मजुरीतून भरली होती, एवढं मी आधी विचारून घेतलं.

आता ह्यात एक कडक प्रकार आहे. त्याला आयर्नमॅन म्हणतात, म्हणजे लोखंडी माणूस. तो घेतला की बाजार बंद. कुणाकडून काही विकत घ्यायचं नाही, कुणी फुकट दिलं तरी घेता येत नाही. जे लागेल ते आपल्या हातानं करायचं. आधी काही खेळणाऱ्यांनी स्वतःच स्वतःला हा नियम घालून घेतला होता. मग 2014 मध्ये कंपनीनंच तो गेममध्ये आणला. आणि त्याहून कडक म्हणजे हार्डकोअर आयर्नमॅन. ह्यात सगळं घरचंच, आणि वर जीव एकच. बाहुल्याच्या नावापुढं लाल शिरस्त्राणाची खूण असते. एकदा मेला की ती खूण गेली, परत कधी मिळत नाही.

माझा मुलगा हेच खेळत होता. आठ महिने.

बायांनो, मला त्यात काय आवडलं सांगू? त्यात आपलंच सगळं होतं. कांदा लावायचा तर आधी तण काढायचं. ते तण फेकायचं नाही, खड्ड्यात टाकून त्याचं खत करायचं. खत घातलं की पिकावर रोग कमी पडतो. राखणदार ठेवता येतो, पण तो पैसे मागत नाही. कांदा राखायचा तर त्याला बटाट्याचं एक पोतं द्यायचं, म्हणजे आपलं बलुतंच झालं. आणि टोमॅटोच्या शेजारी झेंडू लावला की टोमॅटोला रोग लागत नाही! मी म्हटलं, "अरे, हे तर मी तुला दरवर्षी सांगते." आपण झेंडू लावतो तो फळ पोखरणारी अळी त्याच्याकडं वळावी म्हणून, आणि मुळांवरच्या सूत्रकृमीला आळा बसावा म्हणून. केंब्रिजच्या माणसांना हे कुणी सांगितलं कोण जाणे.

मासे धरले तरी शिजवायला शिकावं लागतं. सुरुवातीला निम्मे करपतात. आपल्या पहिल्या भाकरी आठवा. आणि ते शिजवलेले मासे हीच तिथली दवा. लढताना जखम झाली की खायचे, जीव भरून येतो. म्हणून ह्या खेळात तलवारीच्या आधी शिदोरी बघायची.

एका जीवावर टिकायचं कसं, हे त्यानं मला समजावून सांगितलं. ते तुम्हालाही सांगते, कारण मला ते गेमपुरतं वाटलं नाही.

पहिलं, न पाहिलेल्या वाटेनं जायचं नाही. समोरचा राक्षस एका फटक्यात जास्तीत जास्त किती मारतो, ते आधी माहीत करून घ्यायचं. आपल्यात जीव त्याच्या दुपटीपेक्षा खाली आला की थांबायचं नाही.

दुसरं, शिदोरी निम्मी संपली की माघारी फिरायचं. आणखी थोडं, आणखी थोडं करणारे तिथंच राहतात.

तिसरं, परतीची सोय अंगावर ठेवायची. एक अंगठी मिळते, ती बोटात असली तर जीव अगदी दहावा हिस्सा उरला की ती आपोआप घरी आणून सोडते. अंगठी फुटते, पण माणूस वाचतो.

चौथं, झोप आली असेल, डोकं तापलं असेल, नेटवर्क धड नसेल, तर लढायला जायचं नाही. त्या दिवशी मासे धरावेत, शेती करावी.

पाचवं, दुसऱ्याच्या वेगाशी बरोबरी करायची नाही. तो बाजारातून आणतो, आपण पेरून आणतो. आपल्याला वेळ लागणारच.

माझ्या सासूबाई हे ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, "हे तर बहात्तरच्या दुष्काळात आम्ही केलं." 1972 ला त्या खडी फोडायला जायच्या, सुकडी खाऊन दिवस काढले. पण मडक्यात राखेत घालून ठेवलेली बियाण्याची ज्वारी घरातल्या कुणी दळली नाही. पोरं रडली तरी दळली नाही. शिदोरी निम्म्यावर आली की माघारी फिरायचं म्हणजे काय, ते त्यांना गेम न खेळता ठाऊक होतं.

आता पुढचं सांगते. एका संध्याकाळी तो एका गुहेत लढत होता आणि लाईट गेली. वायफाय बंद पडलं. नेट तुटलं तरी बाहुला थोडा वेळ तिथंच उभा राहतो, आणि राक्षस मारत राहतो. मोबाईलचं नेट चालू करेपर्यंत संपलं होतं. ती अंगठी त्याच्याकडं होती, पण पेटीत होती. पुढं लागेल म्हणून जपून ठेवलेली.

मी काय म्हटलं असेन? "बरं झालं, आता अभ्यास कर." तुम्हीही हेच म्हटलं असतं.

पोरगं जेवलं नाही. दुसऱ्या दिवशी कॉलेजला गेलं नाही. बाजेवर भिंतीकडं तोंड करून पडून राहिलं. म्हणालं, "आठ महिने गेले आई. सगळं परत पहिल्यापासून." मी चिडून काहीतरी बोलणार, तेवढ्यात माझं लक्ष त्या बाजेकडं गेलं. दोन वर्षांपूर्वी आमची डाळिंबाची बाग तेल्यानं गेली, तेव्हा आमचे मालक ह्याच बाजेवर असेच पडून असायचे. जेवण नाही, बोलणं नाही. तेव्हाही मी म्हटलं होतं, "उठा आता, रडून काय होणार?" ते उठले, कामाला लागले. पण मनातून उठले का, हे मी कधी विचारलंच नाही. बाग तोडून सरपण केलं आणि विषयही तिथंच तोडला.

त्या रात्री मी पोराजवळ बसले. म्हटलं, "मला नीट सांग, मेला म्हणजे काय काय गेलं?" तो सांगायला लागला. लाल खूण गेली. "आणि मासे धरायची कला?" ती आहे. "शेतीची?" ती पण आहे. "पेटीतलं सामान?" ते पण आहे. म्हणजे बाहुला काही पुसला जात नाही. तो आता साधा लोखंडी माणूस झाला. खूण लालऐवजी करडी. चालणं तसंच, कामं तीच.

मी म्हटलं, "मग गेली ती खूण रे. शिकलास ते तर तुझ्याजवळच आहे."

मालक दारात उभे राहून ऐकत होते. काही बोलले नाहीत. पण दुसऱ्या दिवशी सकाळी ते मला म्हणाले, "मला तेव्हा वाटलं होतं, आता आपलं काही खरं नाही." दोन वर्षांनी म्हणाले. बायांनो, माझे हातपाय गार पडले. एवढं ओझं घेऊन हा माणूस माझ्या शेजारी जेवत होता, झोपत होता, आणि मला त्याचा पत्ता नव्हता.

एकाच जीवाचा खेळ मोबाईलमध्ये ठीक आहे. खऱ्या संसारात बाग गेली, हंगाम गेला, हप्ता थकला, तर ती फक्त खूण जाते. माणूस राहायला पाहिजे. छाटणी कधी करायची, पाणी कधी तोडायचं, हे आमच्या मालकांना येत होतं ते तेल्यानं नेलं नाही. ह्या वर्षी आम्ही रब्बीला ज्वारी केली, आणि बांधाकडच्या थोड्या जागेत पुन्हा डाळिंब लावलंय.

शेवटची एक गोष्ट. त्याच गेममध्ये 2021 पासून गटानं खेळायची सोय झाली. दोन ते पाच जणांचा गट. बाहेरच्या बाजारातून काही घ्यायचं नाही, पण गटाची एक सामाईक पेटी असते. एकानं मासे धरावेत, एकीनं शेती करावी, गरज पडेल त्यानं पेटीतून घ्यावं. आणि एकाच जीवाचा कडक प्रकार गटानं घेतला, तर जेवढी माणसं तेवढे जीव गटाला मिळतात, तेही सामाईक. एकटा पडला की संपला, पण गटातला पडला तर गट त्याला सांभाळून घेतो. मात्र एकच जण सारखा बेफिकीर राहिला, तर सगळ्यांचे जीव तोच संपवू शकतो.

मी म्हटलं, "अरे, हा तर आमचा बचत गट!" नियमित बैठक, बचत, अंतर्गत कर्ज, वेळेवर परतफेड आणि हिशोबाची वही, ही आपली पंचसूत्री. एकीचा हप्ता थकला की बँकेत नाव सगळ्या गटाचं जातं. म्हणून आपण तिच्या दारात जातो. फक्त आपण जातो ते हप्ता विचारायला.

आमच्या गटानं आता एक नियम केलाय. बैठकीत बचत जमा झाली, वही लिहून झाली, की उठण्याआधी प्रत्येकीला एक प्रश्न विचारायचा: "तुझ्या घरी कुणी गप्प बसलंय का?" कुणी बसलं असेल तर दोघींनी तिच्या घरी जायचं, चहा घ्यायचा, बोलायचं. बोलून भागत नसेल तर सरकारचा टेलिमानस नंबर आहे, 14416. पैसे लागत नाहीत, रात्री-अपरात्री लागतो, मराठीतून बोलता येतं. आत्ता तो वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

पोरगं परत खेळतंय. मी दोन अटी घातल्यात. रात्री दहानंतर मोबाईल माझ्या मसाल्याच्या डब्याशेजारी राहतो, आणि रविवारी खऱ्या शेतात पाणी तोच धरतो. परवा मला म्हणाला, "आई, आता अंगठी बोटातच घालतो, पेटीत ठेवत नाही."

आपली अंगठी म्हणजे आपला गट, आपली माणसं. ती पेटीत ठेवू नका. नमस्कार.